खेळ कोणता, विद्या कोणती?



कुस्ती आणि मर्दानी खेळ यांत फरक काय, असे आम्हांला पुष्कळदा विचारतात. दोन्हींत मेहनत आहे, दोन्हींत डाव आहेत. मग फरक कुठे? चला, आपण बघू या.

आधी कुस्ती घेऊ. आखाड्यात लाल माती असते. जोड तोलामोलाची पाहूनच लावतात. पंच असतो. ठोसा मारायचा नाही, गळा आवळायचा नाही, डोळ्याला बोट लावायचे नाही. पाठ मातीला लागली, की कुस्ती संपली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले. तिथे माती नव्हती, गादी होती. तरी त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नियम दोघांना ठाऊक असतात, म्हणून परमुलखातल्या गड्याशीही लढता येते. हा झाला खेळ.

आता कोल्हापूरचे मर्दानी खेळ बघा. लाठी, तलवार, भाला, विटा, दांडपट्टा. नावात 'खेळ' आहे खरा, पण ही मुळात लढाईची हत्यारे. रणात पंच कुठला? समोर एक येईल की चार, कोण सांगणार? म्हणून पट्टा चौफेर फिरवायला शिकवतात. पुढे नजर, तशी मागेही. ही झाली युद्धविद्या. आता लढाईत पट्टा कोणी नेत नाही, पण विद्या जपली पाहिजे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

तर खूण अशी. खेळात दोघे आधी कबूल झालेले असतात. युद्धविद्या असते ती नियम न मानणाऱ्यासाठी.

हे आपल्याला कशाला कळायला हवे? बांधावरून भांडण होते. एकाला कुस्तीचे डाव येतात, दुसऱ्याच्या हाती काठी असते. तिथे शिट्टी कोण वाजवणार? कायदा स्वतःला वाचवायचा हक्क देतो, पण वाचण्यापुरताच. समोरचा पडला, पळू लागला, तरी आपण मारीतच राहिलो, तर गुन्हा आपल्यावर येतो. एका घावात दोन घरे बसतात: एक दवाखान्यात, एक कोर्टात.

म्हणून मुलाला तालमीत जरूर घाला. मुलीलाही लाठी शिकवा. अंगात बळ येईल, मनातले भय जाईल. पण वस्तादांना एक गोष्ट आधी विचारा, "हात उचलायला शिकवाल, तसा आवरायलाही शिकवाल ना?" आखाड्यात थांबवायला पंच असतो. आखाड्याबाहेर आपले पंच आपणच.