१० किलो चरबी काढली, तरी शुगर तशीच!

आजचा प्रश्न सरळ आहे. ऑपरेशन करून अंगावरची चरबी काढून टाकली, तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलही उतरतं का? लायपोसक्शनचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो पाहिले की वाटतं, पोट गेलं म्हणजे रोगही गेला. पण तसं होत नाही बाप्पा.

२००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये डॉ. सॅम्युएल क्लाईन यांच्या टीमनं हेच तपासलं. १५ लठ्ठ महिला, त्यातल्या ७ जणींना टाइप २ डायबिटीस. प्रत्येकीच्या अंगातून सरासरी १० किलोच्या आसपास चरबी काढली. म्हणजे पिठाची एक अख्खी थैली! १० ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासण्या केल्या. इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, बीपी, कोलेस्टेरॉल, कशातच फरक नाही.

असं का? चरबीच्या पेशींना गोदाम समजा. त्वचेखालचं गोदाम त्यातल्या त्यात निरुपद्रवी. ते भरून वाहायला लागलं की माल यकृतात आणि स्नायूंत जातो, आणि तिथे इन्सुलिनचं काम अडतं. खाणं आवरलं, चाललो, की उरलेल्या पेशीही आकसतात आणि यकृतातली चरबीही उतरते. लायपोसक्शन मात्र गोदामाच्या काही खोल्याच पाडतं. यकृतातला माल जिथल्या तिथेच.

उलट, २०१२ साली ब्राझीलमधल्या अभ्यासात एक वेगळीच गोष्ट दिसली. लायपोसक्शननंतर ज्या महिलांनी व्यायाम केला नाही, त्यांची पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी ६ महिन्यांत सुमारे १० टक्क्यांनी वाढली. व्यायाम करणाऱ्यांची वाढली नाही.

चरबी कुठे आणि किती, हे बाहेरून दिसत नाही. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या ९.१ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा फोटो या आकड्यांसकट छापून आला. म्हणून "मी तर बारीकच आहे ना" असं म्हणून आपण सुटत नाही.

मग करायचं काय? आधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्या. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा. ती ओलांडली असेल तर शुगर तपासून घ्या. डायबिटीसच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच ध्येय ठेवून डायबिटीसचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. ८० किलोच्या माणसासाठी हे साडेपाच किलो. १० किलो काढून जे झालं नाही, ते साडेपाच किलो उतरवून झालं!

एक लक्षात ठेवा, बॅरिएट्रिक सर्जरी वेगळी. त्यात चरबी काढत नाहीत, जठर-आतड्यांची रचना बदलतात आणि त्यानं शुगर खरंच सुधारते. ती कोणाला लागते, हे डॉक्टर ठरवतील. लायपोसक्शन हवं तर दिसण्यासाठी करा, पण त्याच्या भरवशावर शुगरची गोळी बंद करू नका.

तर भाऊ, ताई, आज संध्याकाळी अंबाझरीला नाहीतर फुटाळ्यावर एक चक्कर होऊन जाऊ द्या. पुढचा एपिसोड चालता चालताच ऐका!