वही लिहिणे आणि पैसा लावणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण बचत गटाची वही मी आठ वर्षे लिहिली आणि पुढे कर्ज कोणाला द्यावे हे ठरविण्याचे काम माझ्याकडे आले. या दोन कामांत केवढे अंतर आहे, तेवढेच आज सांगते.

वही लिहिणारीचे काम झालेले टिपण्याचे. कोणी किती भरले, किती राहिले. बेरीज जुळली की झोप लागते. दहा हजारांवर महिना शेकडा दोन म्हणजे व्याज दोनशे, हे मी चटकन सांगत असे. त्यामुळे वाटे, पैशाचे सगळे मला कळते.

2012 साली कर्जाचे काम आले. पहिलाच अर्ज एका वहिनींचा, शेळ्यांसाठी वीस हजारांचा. मी वही उघडली. एकही हप्ता चुकलेला नव्हता. मी लगेच 'द्या' म्हटले. त्या वर्षी पावसाने दगा दिला. आपल्या जालना जिल्ह्यात चारापाण्याचे हाल झाले, आणि शेळ्या निम्म्या किमतीत विकाव्या लागल्या. मग कळले, वहिनी आधीचे हप्ते बाहेरून व्याजाने पैसे काढून भरीत होत्या. वहीत हप्ता दिसतो, तो कोठून आला ते दिसत नाही. आणि अडकलेला पैसा तुम्ही-आम्ही भाजीतून, तेलामिठातून वाचविलेला होता.

मला तोंड दाखवण्याची लाज वाटे. 'मला माझी वहीच द्या,' असे मी म्हटले. तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, एकदा दूध उतू गेले म्हणून चूल विझवतात काय?"

तेव्हापासून मी आधी घरी जाते. चारा किती दिवसांचा, पाणी कोठले, माल विकणार कोठे, बाहेरचे देणे किती, हे विचारते. हप्ताही माल विकल्याच्या हिशोबाने ठरवते. त्या वहिनींचा हप्ता आम्ही लहान केला. शिवणकाम करून अडीच वर्षांत त्यांनी पै न् पै फेडली.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची गोष्ट मला फार आवडते. चेतना सिन्हा यांच्याबरोबर तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरविले. बायका निरक्षर म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या लिहावाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि यंत्राशिवाय व्याजाचा हिशोब करून दाखवतो म्हणाल्या. 1997 साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिशोब येणे ही त्यांची पहिली पायरी होती. कोणाला पैसा द्यावा हे ठरविणे, ही त्यापुढची.

आपल्या टेंभुर्णीत आज कितीतरी मुली वही सुंदर लिहितात. त्यांना माझी विनंती की, वही सोडू नका, पण तेवढ्यावर थांबूही नका. कर्जाच्या बैठकीत बोला. आणि 'द्या' म्हणणारीने ठरावाखाली आपले नाव लिहावे. पहिल्या कर्जाच्या वेळी मी ते लिहिले नव्हते. आता प्रत्येक वेळी लिहिते.