जाड तार, बारीक तार



होळी झाली की आपल्या नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्यांत नवी खस भरतात. पंप धुतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलरवाचून दुपार निघत नाही. पण टिनाची पेटी, पाणी आणि वीज ही तिन्ही तिथे एकत्र येतात. म्हणून दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा झटका लागून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण ऐकतो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. चूक आमचीच होती. कूलरचा पंप बदलला. भिंतीकडून येणारी तार जाड, पंपाची तार बारीक. दोन्ही एकाच स्क्रूखाली दाबल्या आणि पेच आवळला. आठ दिवस सारे ठीक चालले. नवव्या दिवशी आई पाणी भरायला गेली आणि ओरडली, "अरे, हा कूलर करंट मारून राहिला!" पायात रबरी चप्पल होती, जमीन कोरडी होती, म्हणून निभावलं. नाहीतर आज हे भाषण करायला आम्ही उभे राहिलो नसतो.

प्लग काढून झाकण उघडले. पाहतो तर बारीक तार सुटून टिनाला टेकलेली. असे का झाले?

पऱ्हाट्यांची मोळी बांधताना मध्ये एक जाड ओंडका घालून पाहा. दोर ओंडक्याला आवळतो. बाजूची काडी मोकळीच राहते, ओढली की हातात येते. स्क्रूचे तसेच आहे. तो जाड तारेवर टेकतो. बारीक तार नुसती आत बसलेली असते, धरलेली नसते. त्यात कूलर सारखा थरथरतो. मग ती सुटणारच.

सुटली नाही तरी धोका आहेच. सैल जोडात तार जेमतेम टेकते. तेवढ्याशा जागेतून करंट जाताना ती जागा तापते. तापून-निवून पेच आणखी ढिला होतो, मग आणखी तापतो. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. बोर्ड काळा पडणे, जळका वास येणे, दिवा मिचमिचणे ही त्याची लक्षणे. ती दिसली की थांबू नका.

आता नीट जोड कसा करायचा ते पाहा.

आधी मेन स्विच बंद करा. टेस्टर चालू जागी लावून तो ठीक आहे ना, ते अगोदरच बघून ठेवा. मग जोडाच्या जागी वीज नाही याची खात्री करा.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे दोन तारांना दोन वेगळे स्क्रू द्या. त्या दोन स्क्रूंना जोडणारा लहान तुकडा जाड तारेच्याच मापाचा घ्या.

स्क्रू एकच असेल आणि तार त्याच्या माथ्याखाली दाबायची असेल, तर प्रत्येक तारेला तिच्या मापाचे थिंबल दाबून बसवा. जाड तारेचे खाली, बारीक तारेचे वर ठेवा.

भोकात तार घालायची असेल, तर बारीक तारेचे टोक दुहेरी दुमडा. दोन्ही तारा पक्कडीने एकत्र पिळा, मग भोकात घालून पेच आवळा. रबर पेचाखाली येऊ देऊ नका. उघडी तारही बाहेर दिसू नये. शेवटी एकेक तार वेगळी ओढून पाहा. जी हलली, तिचा जोड कच्चा.

जाड तार भोकात जात नाही म्हणून तिचे चार तंतू कापू नका. कापलेली जाड तार त्या जागी बारीकच झाली. तीन-चार तारा एका भोकात कोंबू नका. मोठा कनेक्टर आणा.

जुन्या घरांत अॅल्युमिनियमच्या तारा आहेत. तिला तांब्याची तार थेट पिळू नका. अॅल्युमिनियमवर लवकर थर चढतो. ओल लागली की दोन धातूंचा जोड खातो आणि सैल पडतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालेल असाच कनेक्टर हवा.

आता फ्यूजचे. फ्यूज हा घराचा राखणदार. घरात दिव्यांना बहुधा १.५ चौरस मिलिमीटरची तार असते, गिझरला २.५ किंवा ४ ची. २,००० वॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर करंट घेतो. जाड तारेच्या मापाचा फ्यूज बसवला आणि त्याच लाईनवर पुढे बारीक तार जोडली, तर बारीक तार जळेपर्यंत राखणदार झोपलेला राहील. म्हणून फ्यूज किंवा एमसीबी त्या लाईनवरच्या सर्वांत बारीक तारेकडे पाहून ठरवा.

आमची दुसरी चूकही सांगून टाकतो. कूलरचा तीन पिनांचा प्लग तुटला, तेव्हा आम्ही दोन पिनांचा बसवला होता. हिरवी अर्थिंगची तार मोकळीच लोंबत होती. ती टिनाला पक्की जोडलेली असती आणि घराचे अर्थिंग चांगले असते, तर बारीक तार टेकताच फ्यूज उडाला असता. आईला झटका लागला नसता. अर्थिंगची तार रंगावर बसवू नका. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो वीज तोडतो. आणि पाणी भरण्याआधी प्लग काढाच.

हे सारे आपण समजून घ्यायचे. पण घरातले काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करवून घ्या. तो काम करीत असताना जवळ उभे राहा आणि विचारा, "दादा, बारीक तार ओढून पाहिली का?" विचारायला लाज कसली? त्या एका प्रश्नावर घरच्या माणसाचा जीव असतो.