दलाली कागदावर यावी



साठ लाखांचा जुना फ्लॅट विकला गेला की लोकांना एजंटची दलाली तेवढी दिसते. पुण्या-मुंबईत पुनर्विक्रीवर ती साधारण एक ते दोन टक्के असते. एका बाजूचा एक टक्का म्हणजे 60,000 रुपये. पार्टी दुसऱ्या एजंटने आणली आणि दलाली वाटून घ्यायचे ठरले, तर हातात निम्मेच पडतात. त्याआधी पेट्रोल, पोर्टलवरच्या जाहिराती, रविवारच्या रविवार घरे दाखवणे, सोसायटीची एनओसी, बँकेचे कर्ज, वारसांच्या सह्या हे सगळे उरकावे लागते. यातले एक जरी अडले तरी व्यवहार फिसकटतो. मग महिन्याभराच्या धावपळीचा एक रुपयाही मिळत नाही.

कायद्याची भूमिकाही तीच आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 219 नुसार, वेगळा करार नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. वेगळा करार करण्याची मुभा कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच दिली. तरीही आपल्याकडे दलाली आजही बहुतेक फोनवर, तोंडी ठरते.

पुष्कळ एजंटांचे घर भाड्याच्या कामांवर चालते. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर एक महिन्याचे भाडे दलाली, हा मुंबईतला रिवाज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. मालक आणि भाडेकरूला त्यासाठी एजंटच बजावतो. स्वतःच्या दलालीचा मात्र चार ओळींचा कागदही त्याच्याकडे नसतो. मग पार्ट्या परस्पर भेटतात, व्यवहार उरकतात आणि त्याचे फोन उचलणे बंद होते.

हे दुखणे जुने आहे. कोलकात्यातील एका मालमत्तेच्या दलालाने खरेदीदार शोधले. मालकाने त्याचा अधिकार रद्द करून त्याच खरेदीदारांच्या माणसाला ती मालमत्ता विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1950 मध्ये दलालाच्या बाजूने निकाल लागला. त्याच्याकडे मालकाचे पत्र होते, अटी लिहिलेल्या होत्या. न्यायालयाला त्यांचा अर्थ लावता आला, तो त्यामुळेच.

स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायदा, म्हणजे रेरा, आल्यावर चित्र काही अंशी बदलले. नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटला कलम 9 प्रमाणे नोंदणी बंधनकारक झाली. ती नसेल तर कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड आहे. 2023 मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, प्रशिक्षण आणि परीक्षेचीही अट घातली. हे सगळे स्वागतार्हच आहे. पण जुन्या सोसायटीतली पुनर्विक्री आणि भाड्याची घरे रेराच्या नोंदणीबाहेर आहेत. छोट्या एजंटची रोजीरोटी नेमकी तिथेच आहे.

ग्राहकाची तक्रारही खरी आहे. एजंट दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो आणि एकाला दुसऱ्याची कल्पना देत नाही, तेव्हा विश्वास उडतो. असा एजंट व्यवसायाचे फार मोठे नुकसान करतो.

म्हणून एजंटांच्या या संमेलनापुढे एक ठोस सूचना आहे. पहिले घर दाखवण्याआधी एक पानी करार व्हावा. दलाली किती, कोण देणार, टोकनला किती आणि नोंदणीला किती, हे त्यात असावे. दुसऱ्या बाजूकडून पैसे घेणार का, तेही असावे. ओळख करून दिल्यावर ठरावीक महिन्यांत परस्पर व्यवहार झाला तरी दलाली देय राहील, हे कलम त्यात हवेच. मसुदा सोप्या मराठीत असावा आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांची एक प्रत ग्राहकाला त्याच दिवशी मिळावी.