एका सेकंदाची विश्रांती

(पाठीराख्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वसतिगृहातल्या मुलांच्या इलेक्ट्रॉनिक्स वर्गाविषयी दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. “आदिवासी मुलांना हे शिकून काय करायचं?” असं काही जण आपुलकीनं विचारतात. त्याचं उत्तर शेताच्या धुऱ्यावर आहे, म्हणून आधी तिथेच जाऊ.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू, निहाल, भिलाला कुटुंबांची गावं आहेत. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेलं अंबाबरवा अभयारण्य तिथेच आहे. मका, तूर, ज्वारी भरात आली की रानडुकरं आणि रोही रात्री शेतात उतरतात. बाप-लेक रात्र रात्र जागल करतात. शेवटी थकून एखादा माणूस कुंपणाच्या तारेत घरची २३० व्होल्टची वीज सोडतो. हा गुन्हा तर आहेच, पण त्या तारेला रानडुक्कर आणि माणूस यांतला फरक कळत नाही. अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा घरचाच माणूस तिला चिकटतो.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात सोलरवर चालणारी झटका मशीन मिळते, तिचा झटका तर हजारो व्होल्टचा असतो. मग त्यानं माणूस का मरत नाही? कारण झटका क्षणाचा असतो आणि त्यानंतर विश्रांती असते. घरची वीज सेकंदाला ५० फेरे घेत सतत वाहते. स्नायू आवळलेलेच राहतात, मूठ सुटत नाही, हृदयाचा ताल बिघडतो. झटका मशीनसाठी आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानक आहे. एक झटका १० मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा, लांब नको. दोन झटक्यांमध्ये किमान एक सेकंद जायला हवा. एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर नको. त्या एका सेकंदात स्नायू सैल पडतात आणि जीव मागे सरतो.

हा एक सेकंद मोजायचा कसा, हेच आमची मुलं शिकतात. त्यासाठी आम्ही ५५५ नावाची टायमर आयसी वापरतो. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी तिची रचना केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. आठ पायांची ही काळी चिप आजही दहा-पंधरा रुपयांत मिळते.

तिचं काम मुलांना रांजणाच्या उदाहरणानं लगेच समजतं. कपॅसिटर हा रांजण आणि रेझिस्टर ही त्यात पाणी सोडणारी बारीक तोटी. आयसी ही राखणदार. रांजणावर तिच्या दोन खुणा आहेत, एक तिसऱ्या हिश्शावर आणि दुसरी दोन तृतीयांशावर. वरच्या खुणेला पाणी लागलं की ती खालचं बूच काढते, खालच्या खुणेला आलं की बूच लावते. भरणं आणि रिकामं होणं असं अखंड चालू राहतं. यालाच ऑसिलेटर म्हणायचं. बटण दाबल्यावर एकदाच ठरावीक वेळ चालू राहून थांबणारी जोडणीही याच आयसीवर होते. एक लाख ओहम आणि १०० मायक्रोफॅरड घेतले, तर दिवा साधारण ११ सेकंद जळून आपोआप विझतो.

मुलं ब्रेडबोर्डवर १० आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी लावतात. हिशेबानं एका फेऱ्याला एक सेकंद यायला हवा. मग तपासणी सुरू होते. मीटरवर कपॅसिटरचा दाब ३ ते ६ व्होल्टच्या मध्ये खालीवर होताना दिसतो. एक जण घड्याळ धरतो, दुसरी मोठ्यानं मोजते. मिनिटाला ६० वेळा लुकलुकावं, पण कुणाचे ५२ भरतात, कुणाचे ६६. कारण या कपॅसिटरवर छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत वीस टक्क्यांचाही फरक असू शकतो. छापलेल्यावर विसंबू नका, मोजून पाहा, हा धडा इथे त्यांच्या हातात पडतो.

पुढच्या आठवड्यात एक डायोड आणि वेगळे रेझिस्टर लावून झटक्याची वेळ आठ मिलिसेकंदांवर आणि विश्रांती एका सेकंदावर आणतात. एलईडी लख्ख चमकून गप्प होतो. एक गोष्ट मात्र वर्गात पक्की बजावलेली असते. हा नमुना फक्त बॅटरी आणि दिव्यापुरता. तो कुंपणाला कधीही जोडायचा नाही आणि घरी झटका मशीन बनवायची नाही. शेतात लागेल ती मानकाप्रमाणे तयार झालेलीच.

मग शिकलेलं शेतात कामाला येतं का? येतं. झटका मशीन टक-टक वाजते. मुलगी घरी जाऊन एका मिनिटातले ठोके मोजू शकते. साठपेक्षा जास्त भरले, किंवा टकटकीऐवजी सलग गुणगुण ऐकू आली, तर मशीन बंद करून दुरुस्तीला द्यायची. ती सोलर पॅनल आणि बॅटरीवरच आहे ना, घरच्या लाइनमधून कुणी वायर काढली नाही ना, धोक्याची पाटी लागली आहे ना, हेही ती पाहते. आणि थेट वीज का सोडायची नाही, हे ती बापाला समजावते. बाहेरच्या माणसाच्या दहा भाषणांपेक्षा घरच्या लेकरानं दाखवलेला लुकलुकता दिवा लवकर पटतो.

आपल्यापैकीही अनेकांची शेती आहे. घरी गेल्यावर आपल्या कुंपणाचे ठोके एकदा मोजा. आणि कुणाकडे चालू स्थितीतला जुना मल्टिमीटर पडून असेल, तर तो या वर्गाला द्या. दहा मुलांत एक मीटर फिरतो, तेव्हा नऊ जण नुसते बघत बसतात. मोजण्याचं काम बघून येत नाही, ते स्वतःच्या हातानंच करावं लागतं.