रिकाम्या फेऱ्यांचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावावर आपण दर बैठकीत बोलतो. आज मला भाड्यावर बोलायचं आहे. कापूस घरून जिनिंगच्या काट्यावर पोचेपर्यंत जे भाडं लागतं, ते शेवटी कास्तकाराच्याच खिशातून जातं. ते किती लागायला हवं, हे मात्र आपण कधी मांडून पाहत नाही.

एका हंगामात आमच्या आणि शेजारच्या गावचा कापूस एकाच गाडीत गेला. गाडीवाल्याने दोन्ही गावांकडून जाऊन-येऊन पूर्ण फेऱ्याचं भाडं घेतलं. आम्ही मुकाट्याने दिलं. हिशेब सुचला तो घरी आल्यावर!

हा हिशेब जगात नवा नाही. 1959 साली अमेरिकेत जॉर्ज डँटझिग आणि जॉन रॅमसर यांनी तो मांडला. प्रश्न पेट्रोलच्या टँकरचा होता. डेपोतून निघून सगळ्या पंपांना माल द्यायचा, तर कोणत्या टँकरने कोणत्या पंपांवर कोणत्या क्रमाने जावं, म्हणजे एकूण अंतर कमीत कमी होईल?

ऐकायला सोपं वाटतं. एक गाडी आणि 10 गावं घ्या. गावं फिरण्याचे क्रम होतात 36 लाख 28 हजार 800. कोणी म्हणेल, संगणक आहे की! पण 25 गावं झाली आणि संगणकाने सेकंदाला 100 कोटी क्रम तपासले, तरी एकेक करून सगळे तपासायला कोट्यवधी वर्षं लागतील. मग जिल्ह्यातली शेकडो गावं आणि पन्नास गाड्या घेतल्या तर काय होईल?

म्हणून जाणकारांनी सर्वात उत्तम रस्त्याचा हट्ट सोडला आणि ठोकताळा धरला. आपण नाही का, ढग पाहून पेरणीचा निर्णय घेत? ठोकताळा अचूक नसतो, पण वेळेवर हाती येतो.

यातला सगळ्यात कामाचा ठोकताळा 1964 साली क्लार्क आणि राइट या दोघांनी छापला. यातले क्लार्क इंग्लंडात मँचेस्टरच्या घाऊक सहकारी संस्थेत होते. सहकारातून असलंही काही निघतं, हे आपल्याकडे सांगितलं तर लोक हसतील! तो खडूने जमिनीवर मांडता येतो. समजा, जिनिंगपासून वडगाव 20 किलोमीटर, पिंपरी 22 आणि बोरगाव 9. प्रत्येकाची गाडी वेगळी गेली तर जाऊन-येऊन 40, 44 आणि 18, म्हणजे 102 किलोमीटर. आता वडगाव ते पिंपरी अंतर 6 आहे. दोन्ही गावं एका फेऱ्यात घेतली तर 20 अधिक 6 अधिक 22, म्हणजे 48. आधी याच दोन गावांना 84 लागत होते. वाचले 36.

अशी प्रत्येक जोडीची बचत काढायची. जिची सगळ्यात जास्त, ती जोडी आधी जुळवायची. मग खालची, मग त्याखालची. गाडीत माल मावेल तोवरच जुळवायचं. वडगावचा 14 क्विंटल, पिंपरीचा 12, बोरगावचा 8 आणि गाडीत 30 मावतो, तर बोरगाव वेगळं राहील. एकूण 66 किलोमीटर. 102 चे 66 झाले, तेही पाटी-पेन्सिलीने. 300 गावं असली तर जोड्या होतात 44,850. त्या हाताने होणार नाहीत, संगणकाला मात्र क्षणाचं काम.

एवढ्यावर काम थांबत नाही. नकाशावर रस्ता स्वतःलाच कापत असेल तर तो पीळ सोडवून पाहायचा, बहुधा अंतर घटतं. काही गावं फेऱ्यांतून उपसून दुसऱ्या फेऱ्यांत बसवून पाहायची. कधी मुद्दाम थोडा वाईट बदलही पत्करायचा. टेकाडावर चढलेल्या माणसाला मोठ्या डोंगरावर जायचं तर आधी खाली उतरावं लागतं, तसं. 1983 साली मांडलेली अशी एक रीत तर तापलेला धातू सावकाश निवू देण्यावरून सुचली आहे.

आता मुद्द्याचं. संगणकाला सांगू तेवढंच तो वाचवतो. गाडीचे किलोमीटर वाचव म्हटलं तर तेच वाचवील. पावसात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी रुतते, शेवटच्या गावचा माणूस रात्रभर काट्यावर ताटकळतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही तर त्याच्या हिशेबात ते नाहीच. म्हणून हिशेब मांडताना आपला माणूस तिथे बसलेला पाहिजे.

आणि वाचलेले 36 किलोमीटर कोणाचे? गाडी धावली 48 आणि भाडं घेतलं 84 चं, तर ते गाडीवाल्याचे. आपण आधी मांडून ठरवलं तर आपले. वाटणीही कठीण नाही. वेगळं गेल्यावर वडगावला 40 लागले असते, पिंपरीला 44. त्याच प्रमाणात 48 वाटले तर वडगावकडे सुमारे 23 आणि पिंपरीकडे 25. लांबच्याला थोडं जास्त, पण दोघांचंही भाडं निम्म्याच्या आसपास.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत: जिनिंगपर्यंतचं अंतर, शेजारच्या गावांची अंतरं आणि पहिल्या वेचणीचा अंदाजे कापूस. ज्वारीवाल्यांनी बाजार समितीपर्यंतचं अंतर आणावं. फळा आणि खडू मी घेऊन येतो.