हात लावा



करिअरविषयी चार शब्द सांगा, असं मुख्याध्यापिका बाईंनी निमंत्रणात लिहिलंय. पण शाळेच्या या आवारात पाऊल टाकलं की मला आमचे विज्ञानाचे सरच दिसायला लागतात. शाळा सुटली की ते गावातला कुणाचा तरी बंद पडलेला रेडिओ टेबलावर ठेवायचे, स्क्रू ड्रायव्हर आमच्या हातात द्यायचे आणि "खोला" म्हणायचे. सोल्डरिंगचा वास कपड्यांना लागायचा, आई ओरडायची. मुलींच्या हाती हत्यारं देणारा मास्तर त्या काळी पंचक्रोशीत दुसरा नव्हता. मी संगणकशास्त्राकडे वळले ती त्यांच्यामुळे.

आता मी वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत तोच विषय शिकवते. संगणकशास्त्र म्हणजे टायपिंग नव्हे. वीज नसली तरी ते सुरू करता येतं. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी सहकाऱ्यांसह रुजवलेली एक रीत आहे. आम्ही त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका घेतो. पाच पत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर 16, 8, 4, 2 आणि 1 ठिपके काढायचे, पाच जणांना ओळीत उभं करायचं. 19 म्हटलं की 16, 2 आणि 1 वाले ठिपके दाखवतात, बाकीचे पत्रिका पालथी धरतात. शून्यापासून 31 पर्यंतचा कुठलाही आकडा ही पाच पोरं दाखवतात. संगणक आतून असाच मोजतो.

म्हणून माझं एकच सांगणं: हात लावा. दुसऱ्यानं केलेलं मोबाइलवर नुसतं बघत बसू नका. 1984 साली केंद्राच्या 'क्लास' योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. तेव्हापासून आपण यंत्रं वाटतोय, आणि कितीतरी ठिकाणी ती कुलपात पडून राहतात. का, तर पोरं बिघडवतील! बिघडवू द्या, त्यातूनच शिकतील. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुलंही तिथे काम करता करता शिकली. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक 2002 साली त्या खेड्यात उभी राहिली. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे, पण ते फळ्यावर लिहून पाठ करायला लावलं तर काय उपयोग?

मागच्या रांगेतल्या मुलींनो, मघाशी माइक बंद पडला तेव्हा वायर तुम्हीच जोडलीत. मी पाहिलं. बाई, संगणक कक्षाची किल्ली या मुलींकडे द्या. सरपंचताई, सुट्टीतही कक्ष उघडा राहील एवढं बघा. कीबोर्ड मोडला तर नवा मी देईन. आणि आईबाबांनो, दहावीचं वर्ष आहे म्हणून यांना संगणक कक्षातून काढून घेऊ नका.